लंकेच्या डोंगरात गिरधर

तर तो विळा मुंबईच्या विमानतळावरच राहिला. काल गोष्ट आपण तिथंच थांबवली होती. तपासणीच्या त्या कोवळ्या साहेबानं गिरधरची पिशवी यंत्रातून काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली, आणि टॉवेलात गुंडाळलेला विळा दोन बोटांनी वर धरला, मेलेला उंदीर धरावा तसा.

"ये क्या है बाबा?"

"विळा."

"किसलिये?"

"सोबत राहतो," गिरधर म्हणाला.

आमच्यात सोनगीरचा छगन होता. त्याला गप्प बसणं माहीतच नाही. तो मागून ओरडला, "साहेब, रावननं मुंडकं कापाले लई चालना तो!" विळा रावणाचं मुंडकं कापायला चाललाय, ही अहिराणी साहेबाला कळली नाही हे आमचं नशीब, नाहीतर केळी उत्पादकांचा अख्खा अभ्यास दौरा तिथंच बाकावर बसून संपला असता. साहेबानं विळा एका टबात टाकला. त्यात कात्र्या होत्या, सुऱ्या होत्या, कुणाचा तरी अडकित्ताही होता. दुसरा कुणी असता तर वळून वळून बघत गेला असता. पंचवीस वर्षं हातातला विळा, मूठ घासून त्याच्या पंजाच्या आकाराची झालेली. गिरधरनं पिशवीची चेन ओढली आणि पुढं चालू लागला.

त्याला सहा महिन्यांपासून कशाचंच काही वाटत नव्हतं, ते आता सांगतो.

गिरधर आमच्या गावचा. रावेर तालुक्यात, तापीच्या अलीकडं. मी आता पिंप्राळ्याला मुलाकडं राहतो, पण मी गावात होतो तेव्हा त्याचं वावर आणि माझं वावर यांच्यात एक बांध. माझ्याहून तो पंधरा वर्षांनी लहान, मला नाना म्हणतो. बोलायला कमी. इतका कमी की त्याच्या लग्नात भटजींनी नाव घ्यायला सांगितलं तेव्हा त्यानं बायकोचं नाव तेवढं घेतलं, "सुनंदा," आणि खाली बसला. उखाणा नाही, काही नाही. बायका हसून हसून लोळल्या.

पण हाताला त्याच्यासारखा माणूस नाही. केळीच्या बुंध्याशी पिलं फुटतात. आईचा घड भरायचा असेल तर ती दर आठ-दहा दिवसांनी जमिनीलगत कापावी लागतात, नाहीतर खत-पाणी तीच खाऊन बसतात. दिसायला सोपं काम. करून बघा, दुसऱ्या ओळीत कंबर रामराम म्हणते. गिरधर ओळीत वाकला की ओळ संपल्यावरच ताठ व्हायचा. मागं वळून बघायचा नाही, कारण मागं सुनंदाबाई असायची. तो कापत पुढं जाई, ती कापलेली पिलं उचलून कवेत घेई आणि बांधावर म्हशीसाठी ढीग लावी. अडतीस वर्षं हेच. सबंध ओळीत दोघांचं बोलणं काय, तर ती म्हणे, "पानी देऊ का?" आणि तो म्हणे, "दे."

सुनंदाबाई मात्र बोलकी. दौऱ्यात नावं तिनंच घालायला लावली. मी गावी गेलो होतो तेव्हा मला बांधावर गाठून म्हणाली, "नाना, लंकेले चालले म्हने तुम्ही. आमचे बी दोघांचे नावं टाका. या मानसानं मले एरंडोलच्या पद्मालयाच्या पुढं काही दाखवलं नाही. तिथं बी गनपतीपुढं हात जोडले का लगेच म्हने, चाल, म्हशीची धार राहिली." मी नावं टाकली. दोघांनी भुसावळला जाऊन पासपोर्टचे फोटो काढले. तिनं फोटोसाठी लग्नातली नथ घातली होती, फोटोवाल्यानं ती काढायला लावली, तर त्याच्याशी भांडली.

त्याच कार्तिकात एका दुपारी ती वावरातून आली, ओट्यावर बसली, भिंतीला टेकली, आणि टेकलेलीच राहिली. बावन्न-त्रेपन्नचं वय. डॉक्टर आले ते नुसते सांगायला आले.

गिरधर रडला नाही. म्हाताऱ्या म्हणाल्या, याला रडवा, छातीवर बसेल. कोणी तिची साडी पुढ्यात आणून ठेवली, कोणी गळ्यात पडून मोठ्यानं हंबरडा फोडला. तो बघत राहिला. संध्याकाळी उठून म्हशीची धार काढली. दहाव्याला नदीवरून आलो, आणि बघा योग कसा, दारात पोस्टमन उभा. नवीन होता, तालुक्याहून बदलून आलेला. हातात दोन पाकिटं. एक गिरधरला दिलं. दुसरं वाचून म्हणाला, "सुनंदाबाई कुठं आहेत? त्यांची सही लागेल."

गिरधर म्हणाला, "वावरात."

पोस्टमन म्हणाला, "बरं, तुम्हीच करा." यानं सही केली, दोन्ही पासपोर्ट पत्र्याच्या पेटीत ठेवले आणि गायवाड्यात म्हशीकडं गेला.

त्याची एकुलती एक मुलगी कामिनी, पिंप्राळ्यालाच दिलेली, माझ्या मुलाच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडं. दौऱ्याच्या आठवडाभर आधी ती स्कूटरवरून आली, चहाला नको म्हणाली आणि सरळ मुद्द्यावर आली.

"नाना, आबांनी दौऱ्याला जायचं ठरवलंय. मी विचारलं, जाता का? ते म्हणाले, जातो. मी नका जाऊ म्हटलं असतं तर नाही जात म्हणाले असते. ते जाऊ द्या. तुम्ही लंकेहून परत आलात की दोन दिवसांत आखाजी आहे."

मला कळलं ती काय म्हणते ते.

बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्या खानदेशात आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, दिवाळीहून मोठा सण. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात. आणि वर्षभरात घरातलं कोणी गेलं असेल तर त्याच्या नावानं मातीची नवी घागर भरायची. वर खरबूज ठेवायचं. सांजोऱ्या, आमरस, पुरणपोळी करायची, दुपारी विस्तवावर तुपाचा घास सोडायचा. पुरुष गेला असेल तर त्याच्या जागी एक माणूस पाटावर जेवायला बसवायचा, अहेवपणी बाई गेली असेल तर सवाष्ण बसवायची. घागर घरच्या कर्त्यानं भरायची. ती भरली की गेलेल्याला पाणी पोचलं. नाही भरली तर ते माणूस वर्षभर उंबऱ्याबाहेर तहानलेलं उभं राहतं, असं म्हणतात. मी हे मानतो की नाही ते विचारू नका. मी आतापर्यंत सात घागरी भरल्या आहेत.

गिरधरला मुलगा नाही. भरायची तर त्यानंच.

"मी तीनदा विचारलं," कामिनी म्हणाली. "ऐकून घेतात आणि उठून म्हशीकडं जातात. हो नाही, ना नाही. माझी आई काय बाहेर उभी राहणार आहे का नाना? तुमचं तोंड कधी बंद राहत नाही म्हणतात सगळे. ते जरा या कामाला लावा. त्यांच्याकडून एक हो आणा."

आता असं कोणी सांगितल्यावर मी काय मागं हटतो? विमानात मी त्याच्या शेजारची जागा मागून घेतली. आमच्या शाळेतले गुरुजी नकाशावर छडी ठेवून म्हणायचे, हा देश म्हणजे आंब्याचं झाड आणि ही लंका म्हणजे त्याची गळून पडलेली कैरी, आणि उखर्डू नावाच्या पोरानं विचारलं होतं की गुरुजी ती कोणी उचलली कशी नाही, ते सगळं सांगितलं. उखर्डूला त्यावर बसलेल्या छड्याही सांगितल्या. दोन तास सांगत होतो. पुढच्या रांगेतली एक परकी बाईसुद्धा हसली, काय कळलं तिला देव जाणे. मग हळूच म्हटलं, "गिरधर, आखाजी आली रे. घागरीचं काय करायचं?"

तो पुढच्या खुर्चीच्या पाठीकडं बघत होता. तिकडंच बघत म्हणाला, "घागर भरून पाहुन्याले बोलावतात नाना. ती काय या घरची पाहुनी हाये?"

आणि डोळे मिटले.

लंकेत आम्हाला घ्यायला रुवन नावाचा गाईड आला. टीव्हीवरच्या मालिका बघून हिंदी शिकलेला, त्यामुळं साधं "बस इथं थांबेल" हेसुद्धा तो सासूनं सुनेला धमकी द्यावी तसं सांगायचा. दोन दिवस खालचे मळे बघितले, मग बसनं डोंगर चढू लागलो. चहाचे मळे म्हणजे सातपुड्याला कोणी न्हाव्याकडं बसवून आणल्यासारखे. धुकं खिडकीतून आत येई. मी तर लहान पोरासारखा या खिडकीतून त्या खिडकीत. गिरधर ज्या खिडकीशी बसला तिथंच बसून राहिला. मी म्हटलं, "बघ तो धबधबा!" तो म्हणाला, "हां." मी म्हटलं, "बघ, ढग खाली आणि आपण वर!" तो म्हणाला, "हां."

बदुल्ला म्हणून गाव आहे, त्याच्या वरच्या अंगाला डोंगरात एका वस्तीत आमचा मुक्काम होता. भात कापून घरात आलं की तिथल्या लोकांचं वर्ष बदलतं. सुगीचा सण आणि नवं वर्ष एकच. त्याच दिवसांत आम्ही पोचलो. मला, छगनला आणि गिरधरला पुंचीबंडा नावाच्या सत्तरीतल्या शेतकऱ्याच्या घरी उतरवलं. कौलारू घर, पुढं भाताची पायऱ्या-पायऱ्यांची खाचरं, मागं फणसाची झाडं, फणसावर चढलेले मिऱ्यांचे वेल, आणि घरामागच्या उतारावर केळीची एक ओळ. बोटाएवढी आंबटगोड केळी, त्याला ते अंबुल म्हणतात. छगन सगळीकडं फिरून आला आणि म्हणाला, "नाना, कापूस सोडीसन बठ्ठं शे आठे!" कापूस तेवढा नव्हता, बाकी सगळं होतं खरं.

संध्याकाळी वस्तीत गेलो तर काय बघतो, एका मोठ्या आंब्याला जाड दोराचा झोका! बायका दोघी-दोघी उभ्या राहून झोके घेताहेत आणि बाकीच्या खाली उभ्या राहून गाणं म्हणताहेत. पलीकडं म्हाताऱ्या एका भल्यामोठ्या डफाभोवती मांडी घालून बसलेल्या, सगळ्या मिळून तो एकच डफ वाजवताहेत. भाषा कळत नव्हती, पण ती चाल मला कळत होती, आमच्या आखाजीची चाल. माझे तर डोळेच भरून आले. मी गिरधरचा दंड धरला. "अरे ऐक, आपल्याच बाया वाटतात ना? कामिनी लहान असताना तुझ्या निंबाला असाच बांधायची सुनंदाबाई."

गिरधरनं वर फांदीकडं बघितलं. "दोर जुना हाये," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मोठा दिवस. त्यांच्यात अशी रीत की जुनं वर्ष संपलं आणि नवं अजून लागलं नाही, असे मधले काही तास कोणाचेच नसतात. आदल्या दिवशीच चूल विझवून, राख काढून, सारवून ठेवतात. ते तास संपेपर्यंत चूल पेटवायची नाही, जेवायचं नाही, कामाला हात लावायचा नाही. मग पंचांगातल्या मुहूर्तावर सगळ्या देशात एकाच वेळी चूल पेटते, नव्या मडक्यात दूध उतू घालतात, आणि मग प्रत्येक कामाला पुन्हा वेगळा मुहूर्त. रुवननं आम्हाला बोट उगारून बजावलं, "अभी काम नहीं, खाना नहीं, झगड़ा नहीं. जो करोगे, पूरा साल वही होगा."

त्या दिवशी मुहूर्त होता अकराच्या सुमाराला. पहाटेपासून तोवर सगळं बंद. छगन सकाळी सातलाच कासावीस. "नाना, चहा बी नही! वरीसभर चहा भेटाव नही मंग माले!" त्याला हसत आम्ही ओसरीवर बसलो. मी रुवनला मध्ये घालून पुंचीबंडाला आमच्या गावच्या पुना नावाच्या गड्याच्या बैलाची गोष्ट सांगायला घेतली. तो बैल लग्नाच्या मांडवाचा खांब शिंगात घेऊन वरातीच्या पुढं चालत गेला होता, मांडव मागं फरफटत. पुंचीबंडा पोट धरून हसत होता. गोष्ट अशी रंगली की गिरधर कधी उठून गेला ते मी बघितलंच नाही. हे माझ्या माथी आहे, नाकारत नाही.

तेवढ्यात पुंचीबंडाची लहान नात पळत आली आणि त्याच्या कानाशी लागली. त्याचं हसू तिथंच थांबलं. तो उठला, आम्ही मागोमाग.

घरामागच्या उतारावर केळीची अकरा बेटं होती. आता आमच्याकडं केळी लावली की घड काढला, फार तर पिलावर दुसरं पीक, म्हणजे एक पीलबाग, घेतली की खोदून मोकळं. इथं तसं नाही. हे लोक एक बेट वर्षानुवर्षं राखतात. आई, तिच्या पोटची लेक, लेकीच्या पोटची नात, अशी तीन पिढ्यांची झाडं एका जागी. आई घड देऊन गेली की लेक घड देते. ही ओळ पुंचीबंडाच्या आईनं लावलेली. ती म्हातारी जाऊन वीस वर्षं झाली, केळी अजून देतात.

त्या अकरा बेटांत आता फक्त आया उभ्या होत्या. लेकी, नाती, सगळं जमिनीलगत साफ. काही तर गिरधरएवढी उंच झालेली. भिंतीला खोचलेला पुंचीबंडाचा कोयता गिरधरच्या हातात होता. तो ओळीच्या टोकाला उभा होता, आणि तोंड वळवून आल्या वाटेकडं बघत होता. कापलेली पिलं जिथल्या तिथं आडवी पडली होती, त्यांच्या तोंडांतून पाणी ठिबकत होतं.

छगनच्या तोंडून निघालं, "अरे बापा, यानी ते पुढला सालना घड बी कापी टाकात!"

मी म्हटलं, "गिरधर, काय केलंस रे हे?"

"पिलं कापली."

"कोणी सांगितलं तुला?"

"कोनी नाही. वाढेल व्हती."

एवढंच. चेहऱ्यावर ना भीती ना लाज. वाट बघत असलेल्या माणसाचा चेहरा असतो तसा, पण कशाची वाट बघतो तेही ठाऊक नसलेला.

पुंचीबंडाची बायको मेणिके तोंडावर पदर धरून उभी होती. वस्तीतली दहा-बारा माणसं जमली. कोणी ओरडलं नाही. ओरडताच येत नव्हतं, तास तसे होते. आमच्या गावात एवढ्यावर चार डोकी फुटली असती. पुंचीबंडा हळूहळू पहिल्या बेटापासून अकराव्या बेटापर्यंत चालत आला, गिरधरसमोर उभा राहिला आणि रुवनला काहीतरी म्हणाला.

रुवन नेहमीची मालिका विसरून साध्या आवाजात म्हणाला, "पूछता है, ऐसा सीधा किसने सिखाया? एक भी टेढ़ा नहीं काटा."

गिरधर माझ्याकडं वळला. मला म्हणाला, "नाना, ओळ सरली तव्हा मांगे पाहिलं. सगळं तसंच पडेल व्हतं. कोनी उचललंच नाही."

मला एकदम कळलं. रुवन विचारत होता, क्या बोला, क्या बोला. मी कसंबसं सांगितलं की हा कापायचा आणि याची बायको मागून उचलायची. रुवननं ते त्यांच्या भाषेत सांगितलं. मेणिकेनं पदर खाली घेतला आणि काहीतरी विचारलं, ते रुवननं सांगायच्या आधीच आम्हाला समजलं. बाई कुठं आहे?

मी गिरधरकडं बघितलं. पोस्टमनला दिलेलं उत्तर मला आठवत होतं.

गिरधर हिंदीत म्हणाला, "मर गई."

सहा महिन्यांत हे त्याच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. म्हणताना त्याचा आवाज हलला नाही. दुकानदारानं "संपलं" म्हणावं तसं म्हणाला. मग कोयता मूठ पुढं करून पुंचीबंडाला परत दिला.

कापलेलं उचलायचीही सोय नव्हती, उचलणं म्हणजे काम. पुंचीबंडा तिथंच बांधावर बसला. त्यानं हात धरून गिरधरला शेजारी बसवलं. मग मेणिके बसली, मी बसलो, छगनसुद्धा चहाचं विसरून बसला. दोन अडीच तास आम्ही त्या कापलेल्या पिलांसमोर बसून होतो. मी नाही बोललो, आता बोला. सूर्य फणसावर आला. गिरधरच्या पायावरून मुंग्यांची रांग चालली होती, तो पाय हलवत नव्हता.

अकराला खालच्या खोऱ्यातून फटाके वाजले, मग वस्तीत. मेणिके धावत घरात गेली. आम्ही चुलीशी गेलो तेव्हा नव्या मडक्यातलं दूध चहूबाजूंनी उतू जात होतं आणि घरातले सगळे हात जोडून बघत होते. मी म्हटलं, कामिनीचं काम करायची हीच वेळ. गिरधरच्या कानाशी लागलो, "बघ, यांच्याकडं पण नवं मडकं आणतात. आपल्या घागरीसारखंच."

"ते दुधाचं हाये," गिरधर म्हणाला.

मी नाद सोडला. नारळाच्या दुधात शिजवलेल्या भाताच्या वड्या, तेलात तळलेले गोड वडे, आणि मधोमध ठेवलेली त्याच ओळीतली केळी असं जेवलो. छगननं तीन कप चहा घेतला. गिरधरनं पुढ्यातलं सगळं खाल्लं, कारण ते पुढ्यात होतं.

मग कामाचा मुहूर्त आला. वर्षाचं पहिलं काम प्रत्येकानं आपापलं करायचं, थोडं तरी. पुंचीबंडा उठला, गिरधरला खूण केली आणि घरामागं गेला. कोयता घेतला नाही. पहिल्या बेटाशी वाकला आणि पडलेलं पील उचलून गिरधरच्या हातात दिलं. दुसरं दिलं. तिसरं दिलं. गिरधर हातांत घेऊन उभा. मग पुंचीबंडा पुढच्या बेटाकडं गेला आणि थांबला.

गिरधर वाकला.

त्याला ते काम येत नव्हतं हो. अडतीस वर्षं त्याच्या पाठीमागं होत आलेलं काम त्याला येत नव्हतं. सुनंदाबाई कापलेलं तोंड बाहेरच्या बाजूला ठेवून कवेत घ्यायची, म्हणजे चीक लुगड्याला लागत नाही. यानं तोंडं छातीशी धरली. पांढरा सदरा चिकानं भिजला. मोठी पिलं निसटून पडायची, हा परत वाकायचा, ते उचलताना दुसरं पडायचं. छगन मदतीला निघाला, मी त्याचा सदरा धरून मागं ओढला. चार खेपा झाल्या. सगळं नेऊन त्यानं पुंचीबंडाच्या गाईपुढं टाकलं आणि गाय खाऊ लागेपर्यंत उभा राहिला.

परत आलो तर कापल्या जागी मधला गाभा बोटभर वर आला होता. केळीचं असंच असतं, सकाळी कापा, दुपारी नख वर येतं. पुंचीबंडानं बोटानं दाखवलं. रुवन म्हणाला, "बोलता है, फिकर नहीं, वापस आएगा."

"मले मालूम हाये," गिरधर म्हणाला.

केळीच्या चिकाचा डाग जात नाही. आधी दिसत नाही, वाळला की काळा पडतो. उरलेले दोन दिवस आणि विमानात तो तोच सदरा घालून होता. मी म्हटलं बदल, तर म्हणाला, "काहून?" येताना मी त्याला एकही गोष्ट सांगितली नाही. छगन म्हणाला, नाना आजारी शे का?

आखाजीच्या आदल्या दिवशी कामिनी मला स्कूटरवर मागं बसवून गावी घेऊन गेली. या वयात स्कूटरवर रावेरपर्यंत, हाडं मोजून घेतली मी. तिनं कुंभाराकडून घागर आणून ठेवलीच होती, ओट्यावर, कोरी. खरबूज होतं, पुरणाची डाळ भिजत घातली होती. घरात सगळं होतं, एका शब्दाशिवाय. "तुम्ही विचारा नाना," ती म्हणाली, "मी विचारलं तर पुन्हा गायवाड्यात जातील." आणि ती दाराआड उभी राहिली.

गिरधर वावरातून आला. सदरा तोच, छातीवर काळे डाग. हातात विळा नव्हता. पाय धुतले आणि ओट्यावर घागरीच्या पलीकडं बसला. मी काही रचून बोललो नाही. म्हटलं, "गिरधर, उद्या आखाजी. पोर दाराआड उभी आहे. तिला काय सांगू?"

त्यानं घागरीच्या काठावरून अंगठा फिरवला, मडकं पिचकं तर नाही ना ते बघतात तसा. मग म्हणाला,

"भरतो नाना. पानी मीच आनीन, दुसऱ्या कोनाचा हात नको. बाहेरची सवाष्न नका बोलावू, पाटावर कामिनीले बसवा. अन् तिचं जेवन झालं का ताट कोनी उचलू नका, ते मी उचलीन. उचलाचं काम आता माह्यं हाये."